वाचलं, पण कळलं का? विज्ञान-इतिहासाच्या छोट्या उताऱ्यांवरून आकलनाचा सराव

आधी हे वाक्य वाचा: ‘काल दुपारी गबडीने तीन झुंबे लखटले आणि उरलेले डोंबटात टाकले.’

आता प्रश्न. गबडीने किती झुंबे लखटले? तीन. उरलेले कुठे टाकले? डोंबटात. हे कधी घडलं? काल दुपारी. तिन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण. गबडी हे माणसाचं नाव की माकडाचं, झुंबे खायचे असतात की पेरायचे, याचा मात्र पत्ता नाही.

‘उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे लिहा’ या जातीचा बराचसा सराव असाच चालतो. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो सापडला की आजूबाजूची ओळ उतरवून काढायची. शोधाशोध करण्यात डोळे तरबेज होतात, आकलन आहे तिथेच राहतं. म्हणून या लेखात प्रश्न सोडवायच्या युक्त्या दिलेल्या नाहीत. वाचताना आपल्याला नेमकं कुठे कळलेलं नाही, हे आपलं आपल्यालाच जाणवायला लागावं, एवढ्यासाठी पुढचा सगळा खटाटोप आहे. तुम्ही स्वतःसाठी सुरुवात करत असाल किंवा एखाद्या मुलासोबत बसणार असाल, पद्धत तीच.

विज्ञान आणि इतिहासच का?

गोष्ट वाचताना एक-दोन वाक्यं निसटली तरी बिघडत नाही. पुढे काय होणार या ओढीने आपण वाचत राहतो आणि शेवटी सगळं कळल्यासारखं वाटतं. विज्ञानाच्या उताऱ्यात ही सवलत नाही. तिथे एका गोष्टीमुळे दुसरी आणि दुसरीमुळे तिसरी घडते. मधली कडी सुटली की पुढचं सगळं हवेत लटकतं. इतिहासात काळ मागेपुढे होतो, माणसं अनेक असतात, आणि कोण काय म्हणालं व प्रत्यक्षात काय घडलं यात फरक असतो. दोन्हीकडे वाचणाऱ्याची चूक लगेच उघडी पडते. सरावाला अशीच जागा हवी.

दुसरं कारण माझ्या मते जास्त वजनदार आहे. आकलन हे पोहण्यासारखं कौशल्य आहे, एकदा जमलं की कुठल्याही पाण्यात जमेल, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉल सामन्याच्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण बेसबॉल नीट कळणारी मुलं ही वाचनात हुशार पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे विषयाची माहिती हाच आकलनाचा मोठा भाग. विज्ञान-इतिहासाचे उतारे वाचताना सराव होतो आणि माहितीची शिल्लकही वाढते. पुढचा उतारा त्या शिलकीवर वाचला जातो.

पहिली पायरी: उतारा निवडणं

शंभर ते दीडशे शब्दांचा उतारा पुरे. वाचनाची सवयच नसेल तर ऐंशी शब्दांपासून सुरू करा. एकाच उताऱ्याला तीनदा भिडायचं आहे, आणि पानभर मजकूर तीनदा वाचायचा उत्साह फार दिवस टिकत नाही.

उतारा अवघड आहे की नाही हे बोटांवर मोजा. शंभर शब्दांत चार-पाच अनोळखी शब्द आले तर ठीक, मूठ भरून पुढे गेलात तर तो बाजूला ठेवा, महिन्याभराने काढा. आपल्यापेक्षा दोन इयत्ता खालच्या पाठ्यपुस्तकातला परिच्छेद घेण्यात लाज वाटू देऊ नका. मुलांसाठीचे ज्ञानकोश, वर्तमानपत्रातली विज्ञानाची छोटी सदरं, संग्रहालयातल्या वस्तूंखालचे माहितीफलक, सगळं चालतं.

आणि रोज नवा विषय नको. सोमवारी ज्वालामुखी, मंगळवारी छपाईचा शोध, बुधवारी मधमाश्या, अशा धरसोडीने काहीच साचत नाही. एक विषय धरा आणि त्यावर चार-पाच उतारे वाचा. कॉलरा घेतला तर एक उतारा साथीच्या इतिहासाचा, एक जिवाणूच्या शोधाचा, एक पाणी शुद्ध कसं करतात याचा, एक शरीरातलं पाणी कमी झाल्यावर काय होतं याचा. तिसऱ्या उताऱ्यापाशी वेग वाढल्याचं तुमचं तुम्हालाच जाणवेल.

दुसरी पायरी: वाचण्यापूर्वीचं एक मिनिट

शीर्षक वाचा, थांबा. या विषयाबद्दल मला काय माहीत आहे आणि हा उतारा काय सांगेल असं वाटतं, ही दोन वाक्यं मनात म्हणा किंवा वहीत खरडा. अंदाज चुकला तर उत्तमच. चुकलेल्या अंदाजामुळे पुढचं वाक्य जास्त लक्षात राहतं. यावर एक मिनिटापेक्षा जास्त घालवू नका.

तिसरी पायरी: तीन वाचनं

पहिलं वाचन हातात काही न घेता, न थांबता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. अडलं तरी पुढे जायचं. संपलं की उतारा झाकून एकाच वाक्यात सांगायचं: हा उतारा काय म्हणतो? इथे बहुतेक जण विषय सांगतात. ‘हा उतारा कॉलऱ्याबद्दल आहे’ हा झाला विषय. ‘कॉलरा हवेतून पसरतो असं समजलं जात असताना एका डॉक्टरने पाण्यावर बोट ठेवलं’ हे झालं उताऱ्याचं म्हणणं. म्हणणं सांगता आलं नाही तर हरकत नाही, दुसऱ्या वाचनानंतर पुन्हा प्रयत्न करा.

दुसरं वाचन शिसपेन्सिल घेऊन. खुणा फक्त तीन. ‘पण, मात्र, म्हणून, कारण, तरीही, तोवर, यावरून’ अशा जोडशब्दांभोवती गोल करायचा. ‘तो, ती, ते, त्यांनी, हे, त्यामुळे’ असा शब्द आला की तो ज्याच्याबद्दल आहे तिथपर्यंत बाण काढायचा. आणि जिथे पाय अडखळला तिथे समासात प्रश्नचिन्ह. रंगीत पेनने वाक्यंच्या वाक्यं रंगवायची सवय असेल तर ती सोडा. रंगवलेलं पान पाहून अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, पदरात फारसं पडत नाही.

तिसरं वाचन प्रश्नांनंतर. त्याकडे नंतर येऊ. आधी एक उतारा घेऊन हे सगळं प्रत्यक्ष करून पाहू.

‘१८५४च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ उसळली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं दगावली. दूषित हवेमुळे हा रोग होतो, असं त्या काळातले बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो यांचं मत मात्र वेगळं होतं. त्यांनी मृतांची यादी मिळवून चौकशी केली, तेव्हा बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाच्या आसपास झालेले आढळले. त्याच रस्त्यावरच्या बीयरच्या कारखान्यातल्या कामगारांपैकी मात्र एकाच्याही मृत्यूची नोंद नव्हती. ते पंपाचं पाणी पीत नसत. स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. तोवर साथ ओसरू लागली होती, कारण बरेच रहिवासी घरं सोडून निघून गेले होते. तरीही पाण्याविषयीचा स्नो यांचा तर्क पुढे खरा ठरला.’

बाणांपासून सुरू करा. ‘त्यांनी मृतांची यादी मिळवून’ यातले ‘त्यांनी’ म्हणजे स्नो, एकच माणूस. ‘ते पंपाचं पाणी पीत नसत’ यातले ‘ते’ म्हणजे कामगार, अनेक माणसं. मराठीत आदरार्थी बहुवचनामुळे दोघांना एकच सर्वनाम लागतं, आणि घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात स्नो हेच पंपाचं पाणी पीत नव्हते असं चित्र उभं राहतं. इतिहासाच्या उताऱ्यात राजे, सेनापती, संशोधक सगळेच ‘ते’ असतात. बाण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता गोल. ‘मात्र’ दोनदा आलाय. पहिला सांगतो की सगळे एकीकडे आणि स्नो दुसरीकडे. दुसरा ‘मात्र’ जास्त मोलाचा. कारखाना पंपाजवळच, पण मृत्यू नाहीत. हे वाक्य लेखकाने इथे का घातलं असेल? हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारायची सवय लावा: हे वाक्य काढून टाकलं तर काय बिघडेल? कारखान्याचं वाक्य काढलं तर पंपाजवळ राहणारे दगावले एवढंच उरतं, आणि मग तिथली हवाच वाईट होती असंही म्हणता येतं. कामगार तीच हवा श्वासात घेत होते आणि तरी वाचले, म्हणजे दोष हवेत नसावा. उताऱ्यात हा निष्कर्ष कुठेच शब्दांत लिहिलेला नाही. दोन वाक्यं शेजारी ठेवून तो आपल्याला काढावा लागतो. याला अनुमान म्हणतात, आणि उताऱ्यावरच्या अवघड प्रश्नांपैकी बरेचसे याच जातीचे असतात.

शेवटी ‘तोवर’. इथे माझीच फजिती सांगतो. असाच उतारा मी शिकवण्यासाठी दिला होता आणि विचारलं होतं, ‘साथ कशामुळे ओसरू लागली?’ बहुतेकांनी लिहिलं, ‘पंपाचा दांडा काढल्यामुळे.’ मी भराभर बरोबरच्या खुणा करत गेलो. एका मुलीचं उत्तर वेगळं होतं: ‘लोक निघून गेल्यामुळे.’ तिला चूक दिली. ती वही घेऊन समोर आली आणि काही न बोलता ‘तोवर’ या शब्दावर बोट ठेवलं. दांडा काढला आणि साथ थांबली ही ऐकीव गोष्ट माझ्या डोक्यात इतकी पक्की होती की समोरची ओळ मी वाचलीच नव्हती. त्या दिवशी दोन वेळा खुणा खोडाव्या लागल्या, एकदा तिच्या वहीत आणि एकदा बाकी सगळ्यांच्या.

आधीची माहिती आकलनाला मदत करते असं मी वर म्हटलं. ती दगाही देते, तो असा.

आणखी एक जागा सहज सुटते. ‘दांडा काढण्यात आला’. कुणी काढला? उतारा सांगत नाही. ‘स्नो यांच्या सांगण्यावरून’ एवढंच कळतं. इतिहासाच्या मराठीत ‘करण्यात आले, पाठवण्यात आले, ठरवण्यात आले’ ही वाक्यं पावलोपावली भेटतात, आणि प्रत्येक वेळी करणारा पडद्याआड गेलेला असतो. तिथे समासात ‘कुणी?’ एवढं लिहून ठेवा. पुढच्या उताऱ्यात उत्तर मिळेलही.

चौथी पायरी: प्रश्न आपणच काढायचे

छापील प्रश्न नंतर. आधी स्वतः तीन प्रश्न तयार करा, तीन वेगळ्या जातींचे.

पहिला, ज्याच्या उत्तरावर बोट ठेवता येतं. दांडा कोणत्या तारखेला काढला? दुसरा, ज्याचं उत्तर दोन वाक्यं जोडल्यावर मिळतं. कारखान्यातले कामगार वाचले हे स्नो यांच्या बाजूने का जातं? आणि तिसरा, ज्याचं उत्तर उताऱ्यात नाहीच. पंपाच्या पाण्यात घाण कुठून आली?

तिसऱ्या जातीचा प्रश्न नवख्यांना विचित्र वाटतो. उत्तर नसलेला प्रश्न कशाला काढायचा? कारण ‘हे इथे दिलेलं नाही’ असं ठामपणे सांगायला उतारा खरोखर समजावा लागतो. शिवाय पुढे काय वाचायचं याची वाट तोच दाखवतो. कॉलऱ्याच्या बाबतीत तो प्रश्न घेऊन पुढे गेलात तर कळेल की त्याच १८५४ मध्ये फ्लोरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी यांना सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू दिसला होता, पण त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही, आणि रॉबर्ट कॉख यांनी तो पुन्हा ओळखून जगासमोर मांडेपर्यंत १८८४ साल उजाडलं. आता स्नो यांचा उतारा पुन्हा वाचा. ‘पुढे खरा ठरला’ यातलं ‘पुढे’ किती लांबचं होतं ते लक्षात येतं.

तिसरं वाचन करायचं ते इथे, आपल्या उत्तरांची शहानिशा करण्यासाठी. प्रत्येक उत्तरासमोर कोणत्या वाक्याच्या आधारावर ते दिलं, त्याचा क्रमांक लिहा. आधार सापडला नाही तर उत्तर आपल्या डोक्यातून आलंय, उताऱ्यातून नाही.

परीक्षेत आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचावा का, असं हमखास विचारलं जातं. परीक्षेत वेळ कमी असतो, तिथे खुशाल वाचा. सरावात मात्र नको. प्रश्न आधी वाचले की आपण पुन्हा गबडी आणि झुंब्यांपाशी येऊन पोहोचतो.

विज्ञानाचा उतारा: काय दिसलं आणि काय ठरवलं

‘सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट यांनी २०० पौंड कोरडी माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी दिलं. शेवटी झाड सुमारे १६९ पौंडांचं भरलं. मातीचं वजन मात्र जेमतेम दोन औंसांनी कमी झालं होतं. यावरून झाड केवळ पाण्यापासून बनतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइडही वापरतात, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.’

‘यावरून’ या शब्दापाशी उभी रेघ मारा. रेघेच्या आधीचं सगळं निरीक्षण: तराजूवर दिसलेलं, कुणीही पुन्हा करून पाहू शकेल असं. रेघेनंतर आहे ते माणसाने काढलेलं अनुमान. निरीक्षण बरोबर असून अनुमान चुकू शकतं, आणि इथे नेमकं तेच झालंय. विज्ञानाच्या प्रत्येक उताऱ्यात ही रेघ शोधता आली की अर्धं काम झालं. ‘दिसलं, मोजलं, आढळलं, नोंदवलं’ हे रेघेच्या अलीकडचे शब्द. ‘यावरून, म्हणजेच, असावं, सिद्ध होतं’ हे पलीकडचे.

आकडे आले की डोळे त्यांच्यावरून घसरतात. घसरू देऊ नका, पण पाठही करू नका. आकड्यांची एकमेकांशी तुलना करा. झाड किती वाढलं? १६९ वजा ५, म्हणजे १६४ पौंड. हा आकडा उताऱ्यात नाही, तो आपण काढला. माती किती घटली? दोन औंस, एका पौंडात १६ औंस, म्हणजे पौंडाचा आठवा भाग. एका बाजूला १६४ आणि दुसऱ्या बाजूला एक अष्टमांश ठेवलं की झाड माती खाऊन वाढतं या जुन्या समजुतीचं काय झालं ते वेगळं सांगावं लागत नाही. मग हा प्रयोग फसला का? माझ्या दृष्टीने यावर मुलांशी दहा मिनिटं वाद घालणं हे दहा लेखी प्रश्नांपेक्षा फायद्याचं.

कारणांची मालिका असेल तर बाणांनी मांडा. तळं वरून का गोठतं हा उतारा घ्या. वरचं पाणी थंड होतं → आकसतं, जड होतं → खाली जातं → सगळं पाणी साधारण ४ अंश सेल्सिअसवर येतं → वरचं पाणी आणखी थंड झालं की उलट प्रसरण पावतं → हलकं होऊन वरच राहतं → तिथेच गोठतं. चौथ्या-पाचव्या बाणाशी बहुतेकांची गाडी रुळावरून उतरते, कारण ‘थंड होणारी गोष्ट आकसतच जाते’ हा नियम डोक्यात घट्ट बसलेला असतो. बाण न काढता वाचलंत तर हा अडथळा जाणवतही नाही. सगळं सुरळीत वाचून होतं आणि हाती चुकीचं चित्र राहतं.

रोजच्या वापरातले शब्द विज्ञानात वेगळ्या अर्थाने येतात, तेही दबा धरून बसलेले असतात. कार्य, बल, शक्ती, उष्णता, तापमान. डोक्यावर ओझं घेऊन तासभर स्थिर उभं राहिलात तर घाम फुटेल, पण भौतिकशास्त्राच्या व्याख्येने तुम्ही त्या ओझ्यावर शून्य कार्य केलं. असा ओळखीचा शब्द विचित्र वागताना दिसला की त्याच्यावर प्रश्नचिन्ह करा. अनोळखी शब्दापेक्षा हे ओळखीचे चेहरेच जास्त फसवतात.

अनोळखी शब्दाचं काय करायचं?

लगेच शब्दकोशाकडे धावू नका. मराठीतल्या पारिभाषिक शब्दांची एक सोय अशी की ते मोडून पाहता येतात. अपारदर्शक: अ, पार, दर्शक, म्हणजे पार दिसू न देणारं. उभयचर: दोन्हीकडे, पाण्यात आणि जमिनीवर, वावरणारं. तापमापक आला की वायुभारमापकाचा अर्थ लावायला कोशाची गरज पडत नाही. शब्द मोडूनही उमगला नाही तर पुढची दोन वाक्यं वाचा, बरेचदा अर्थ तिथेच पडलेला असतो. तरीही अडलंच, आणि त्या शब्दाशिवाय वाक्य हलत नसेल, तर कोश उघडा. तह, सनद, मांडलिक असे इतिहासातले शब्द या शेवटच्या गटातले. त्यांचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही.

इतिहासाचा उतारा: लांब वाक्यं आणि सनावळी

हे वाक्य पाहा: ‘ज्या शिळेवर एकच आदेश तीन लिप्यांत कोरलेला होता आणि जी १७९९ मध्ये इजिप्तमधल्या रोझेटाजवळ फ्रेंच सैनिकांना सापडली, तिच्या आधारे ज्याँ-फ्रान्स्वा शांपोलियों यांना १८२२ मध्ये प्राचीन चित्रलिपीचं कोडं उलगडता आलं.’

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी असतं, त्यामुळे वाक्य लांबलं की तिथपर्यंत पोहोचेस्तोवर सुरुवात विसरते. अशा वेळी उलटं जा. शेवटचं क्रियापद धरा: उलगडता आलं. काय? कोडं. कुणाला? शांपोलियों यांना. हा झाला वाक्याचा कणा. मग ‘ज्या, जी’ ला ‘तिच्या’शी जोडा, ही जोडी मिळाली की मधला मजकूर म्हणजे शिळेची ओळख आहे हे दिसतं. आठवडाभर रोज दोन वाक्यं अशी सोडवलीत तर पुढे डोळे हे आपोआप करू लागतात.

आता एक फसवा प्रश्न. या शिळेवर किती भाषा आहेत? बहुतेक जण ‘तीन’ म्हणून मोकळे होतात. वाक्यात तीन लिप्या म्हटलंय. भाषा दोनच आहेत, इजिप्शियन आणि ग्रीक. इजिप्शियन मजकूर दोन वेगवेगळ्या लिप्यांत कोरलाय. आपल्या वाक्यात भाषांचा आकडा दिलेलाच नाही, म्हणून फक्त या वाक्यावरून द्यायचं प्रामाणिक उत्तर ‘सांगितलेलं नाही’ हेच.

सनावळी पाठ करण्यापेक्षा दोन सनांमधलं अंतर काढा. शिळा सापडली तेव्हापासून उलगडा होईपर्यंत २३ वर्षं. म्हणजे शिळा मिळाली आणि लगेच लिपी वाचता आली असं नाही, मध्ये बरीच डोकेफोड झाली असणार. ‘शतक’ हा शब्द आला की सावध व्हा: १७९९ हे अठराव्या शतकात येतं, एकोणिसावं शतक १८०१ पासून. आणि इसवी सनापूर्वीचे आकडे उलटे चालतात. ही शिळा इ.स.पू. १९६ मधली, इ.स.पू. ३०० हे साल तिच्या आधीचं. वहीच्या पानावर आडवी रेघ मारून सन मांडले की यातले सगळे घोळ मिटतात.

इतिहासात कोण बोलतंय याकडेही लक्ष ठेवा. ‘रोग दूषित हवेमुळे होतो’ आणि ‘रोग दूषित हवेमुळे होतो असं डॉक्टर मानत’ यातला फरक शेवटच्या तीन शब्दांत आहे. मानत, म्हणत, दावा केला, आरोप होता, समज होता: या शब्दांखाली रेघ मारा. ते निसटले की जुन्या काळचा गैरसमज तुम्ही खरी माहिती म्हणून घरी घेऊन जाल.

मुलासोबत बसत असाल तर

‘कळलं का?’ हे विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच येतं; मोठी माणसंही मीटिंगमध्ये तेच उत्तर देतात. ‘कुठे अडलं?’ असं विचारा. ‘कुठेच नाही’ म्हणालं मूल, तर तुम्ही स्वतः जिथे अडलात ती जागा दाखवा. मोठ्यांनाही अडतं हे दिसलं की मुलं बोलू लागतात. अर्थ लगेच सांगून टाकायचा मोह होतो, तो आवरा. पाच-सात सेकंदांची शांतता फार लांब वाटते, पण विचार तेवढ्यातच होतो.

मोठ्याने वाचून घेणं उपयोगी आहे, पण वाचन ओघवतं म्हणजे आकलन पक्कं असं समजू नका. सुरेख वाचणारी आणि काहीही न कळलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. उलट, एखाद्या जोडशब्दापाशी अडखळून मागे जाणारं मूल बहुधा विचार करत असतं.

शेवटची पायरी: उतारा बंद करून सांगणं

उतारा झाका आणि दोन-तीन वाक्यांत सांगा, तोंडी किंवा लेखी. नियम एकच: उताऱ्यातले सलग चार शब्द जसेच्या तसे येता कामा नयेत. नावं आणि सन चालतील. समोर कुणी नसेल तर भिंतीला सांगा. जिथे जीभ अडखळते तिथे समजलेलं नसतं, हे इतकं सरळ आहे. मग उतारा उघडा आणि फक्त तेवढीच जागा पुन्हा वाचा.

वही साधी ठेवा. डाव्या पानावर दोन-तीन वाक्यांचं हे सांगणं, उजव्या पानावर अडलेल्या जागा आणि उत्तर नसलेले प्रश्न. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं. एखाद्या दिवशी राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन उतारे रेटू नका. महिन्याभराने उजवी पानं चाळा. सुरुवातीला तिथे नुसते अवघड शब्द असतील. पुढे ‘हे यांना कसं कळलं?’, ‘मग दुसऱ्या भागात साथ का नाही पसरली?’ असे प्रश्न दिसू लागले की दोनशे-अडीचशे शब्दांचे उतारे घ्यायला हरकत नाही.

आणि उतारा संपला असं त्याच दिवशी धरू नका. दुसऱ्या दिवशी, वही न उघडता, कालचा उतारा पुन्हा दोन वाक्यांत सांगा. स्नो यांचा उतारा असेल तर सांगताना लोक घरं सोडून गेल्याचं आपोआप येतं का पाहा. आलं तर पुढचा उतारा घ्या. ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ असं तोंडातून निघालं, तर आजही तोच.